पहिला श्वास आणि घाईची सुई

नवजात मूल दगावले की आपल्या खेड्यांत दोन वाक्ये हमखास कानी पडतात. पहिले, ‘देवाची इच्छा.’ दुसरे जरा हळू आवाजात, सुनेच्या पाठीमागे, ‘तिच्या नशिबातच नव्हते.’ पहिल्या वाक्याने सारा भार देवावर टाकला जातो, दुसऱ्याने बाळंतिणीवर. मूल नेमके कशाने गेले, हा साधा प्रश्न मात्र विचारायचाच राहून जातो. धर्मगुरू या नात्याने आम्ही स्पष्ट सांगतो की, भर कळांच्या वेळी गाडी मिळाली नाही म्हणून, कोणी घाईने सुई टोचली म्हणून, किंवा जन्मल्यावर पहिला मिनिट थाळी वाजविण्यात गेला म्हणून मूल गुदमरले, तर त्याला देवाची इच्छा म्हणणे आम्हांला मान्य नाही. देवाच्या नावावर आपला हलगर्जीपणा खपवू नये.

या पानावर आपण बियाणे, खते, जनावरांचे आजार यांविषयी वाचता. आज जन्माच्या वेळी मुलाचा श्वास कोंडण्याविषयी लिहीत आहोत. डॉक्टर लोक याला ‘बर्थ अस्फिक्सिया’ म्हणतात. आपल्या देशात महिन्याच्या आत दगावणाऱ्या बालकांच्या मृत्यूंची जी तीन मोठी कारणे आहेत, त्यांतले हे एक. दिवस पुरे होण्याआधी जन्म आणि जंतुसंसर्ग ही दुसरी दोन.

मूल पोटात असते तेव्हा त्याच्या फुप्फुसांत हवा नसते. त्याला लागणारा प्राणवायू आईच्या रक्तातून वारेत आणि वारेतून नाळेवाटे पोचतो. कळ आली की गर्भाशय आवळते आणि वारेकडे जाणारे आईचे रक्त तेवढ्यापुरते कमी होते. कळ ओसरली की पुरवठा पुन्हा सुरू. निरोगी मूल हे सहज सोसते, कारण दोन कळांमधल्या विसाव्यात ते आपली तूट भरून काढते. आपल्यातील वडीलधाऱ्यांनी मोट चालविलेली आहे. मोटेचा बैल उतरत्या धावेवर जीव खाऊन ओढतो आणि मागे सरकताना दम घेतो, म्हणून तो दिवसभर टिकतो. त्याला मागे सरकूच दिले नाही, तर तासाभरात तो खाली बसेल. मुलाचेही तसेच आहे. कळा फार लांबल्या किंवा एकीला लागून दुसरी येऊ लागली की विसावा संपतो. रक्तातला प्राणवायू घटतो, हृदयाचे ठोके मंदावतात, आणि मूल बाहेर येते ते निळसर किंवा पांढरेफटक, लुळे, न रडणारे.

आता त्या सुईची गोष्ट. आपल्या गोठ्यांत एक लहानशी बाटली वर्षानुवर्षे चोरून येत असे, आणि ती पूर्णपणे गेली आहे असे आम्हांला वाटत नाही. म्हैस पान्हा सोडत नाही म्हणून तिला टोचण्याचे ते औषध. त्याचे नाव ऑक्सिटोसिन. दूध वाढविण्यासाठी जनावराला अपायकारक औषध टोचणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो. पण आमचा मुद्दा वेगळा आहे. म्हशीचा पान्हा सोडविणारे आणि बाईच्या कळा वाढविणारे औषध एकच. ते शरीरात निसर्गतःही तयार होते आणि गर्भाशयाला आवळण्याचा हुकूम देते. इस्पितळात कळा मंद पडल्या तर डॉक्टर ते सलाइनमधून थेंबाथेंबाने, मोजून देतात, मुलाचे ठोके पुनःपुन्हा ऐकतात, आणि ठोके बिघडले तर ते तत्काळ बंद करतात. गरज पडली तर शस्त्रक्रिया करण्याची सोय त्यांच्यापाशी असते. तेच औषध घरी किंवा खोलीवजा दवाखान्यात दंडात किंवा कुल्ल्यावर टोचले, तर ते परत घेता येत नाही. एकदा टोचले की कळांचा लगाम कोणाच्याच हाती राहत नाही. मुलाला दम घ्यायला वेळ मिळत नाही आणि आईचे गर्भाशय फाटण्याचाही धोका असतो.

तरीही ही सुई का टोचली जाते? नुसत्या डॉक्टरांना किंवा कंपाउंडरांना दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. ती पुष्कळदा घरच्यांच्या आग्रहाने टोचली जाते. ‘पोरगी रात्रीपासून तळमळते आहे, एक सुई देऊन लवकर मोकळी करा’, हे वाक्य आम्ही स्वतः ऐकलेले आहे. बोलणाऱ्यांच्या मनात मायाच असते. पहिलटकरणीला बारा-चौदा तास आणि कधी त्याहून अधिक वेळ लागू शकतो, हे कोणी त्यांना सांगितलेले नसते. शेजारीण चार तासांत मोकळी झाली म्हणून आपल्या लेकीलाही तेवढाच वेळ लागावा, असा हिशेब मांडला जातो. मग सुई देणारा चांगला डॉक्टर आणि थांबा म्हणणारी नर्स अडाणी, असा उलटा न्याय होतो. पोटावर दोन्ही हातांनी दाब देऊन मूल ‘ढकलणे’ हाही त्याच घाईचा प्रकार. त्यापासूनही दूर राहावे.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, नाही तर आमचे लिहिणे कोणाच्या जिवावर बेतेल. मूल बाहेर आल्यानंतर आईला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात, ते योग्य आणि अत्यंत आवश्यक आहे. त्याने वार पडल्यावरचा रक्तस्राव आटोक्यात राहतो. त्याला कधीही नकार देऊ नये. गोठ्यांतल्या गैरवापरामुळे केंद्र सरकारने २०१८ साली या औषधाच्या खासगी निर्मितीवर बंदी घालण्याचा आदेश काढला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षीच्या डिसेंबरात रद्द केला, आणि बाळंतिणींना औषध कमी पडण्याचा धोका सरकारने पुरेसा विचारात घेतला नाही, असे मत दिले. औषध वाईट नाही. मूल जन्मण्यापूर्वी, ठोके ऐकणारे कोणी नसताना ते टोचणे वाईट.

श्वास कोंडण्याची तयारी मात्र कधी कधी कळांच्या फार आधीपासून होत असते. आईच्या अंगात रक्त कमी असेल तर मुलाला मिळणारा प्राणवायूही बेताचाच. हिमोग्लोबिन अकराच्या खाली गेले की ते कमी समजतात, आणि सातच्या खाली गेले तर तो धोका आहे. ऊसतोडीच्या आणि भाताच्या लावणीच्या दिवसांत आपल्या गरोदर बाया लोहाच्या गोळ्या ‘शी काळी होते’ म्हणून उंबऱ्याबाहेर टाकतात. शी काळी होते हे खरे, पण त्यात बिघडत काहीच नाही. रक्तदाब वाढणे, चेहऱ्यावर व हातांवर सूज येणे, डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही लक्षणे असली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. पुढची पायरी झटक्यांची असते आणि त्यात माय-लेकरू दोघेही जातात. मधुमेह, जुळी मुले, पोटात मुलाची वाढ कमी असणे, आधीचे मूल जन्मवेळी दगावलेले असणे, यांपैकी काही असेल तर बाळंतपण मोठ्या इस्पितळातच व्हावे.

मिश्रीबद्दल लिहिले नाही तर निपाणीकडची मंडळी म्हणतील की फादरांनी आमची भीड धरली. तंबाखूच्या पिकावर अनेकांची घरे चालतात, हे आम्हांला ठाऊक आहे. पण गरोदर बाईने मिश्री लावणे हे मुलाच्या वाट्याचे काढून घेण्यासारखेच आहे. मुंबईत बाराशेहून अधिक गरोदर स्त्रियांची पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, मिश्रीसारखी धूर न होणारी तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची मुले सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती, आणि दिवस भरण्याआधी जन्म होण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. हलके मूल कळांचा ताण कमी सोसते. सासूबाईंनी स्वतः डबी बाजूला ठेवल्याशिवाय सुनेची सुटणार नाही, हेही येथेच सांगतो.

दिवसांचा हिशेब हा तर आपल्या शेतकऱ्यांचा प्रांत. गाय नऊ महिने नऊ दिवस, म्हैस दहा महिने दहा दिवस, हे पोराटोरांना पाठ असते. म्हैस कधी फळली ती तारीख गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली असते. घरच्या सुनेच्या शेवटच्या पाळीची तारीख विचारली तर मात्र सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात! त्या तारखेपासून नऊ महिने आणि सात दिवस, म्हणजे चाळीस आठवडे, हा बाईचा हिशेब. दिवस फार वर गेले की वार थकते आणि मुलाला पुरवठा कमी पडू लागतो. म्हणून दिलेली तारीख उलटली तर ‘येईल तेव्हा येईल’ म्हणत घरी बसू नये, त्याच आठवड्यात दाखवून यावे.

आणखी काही खुणा घरातल्या पुरुषांनाही ठाऊक हव्यात, कारण गाडी शेवटी त्यांनाच काढायची असते. मुलाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी झाली किंवा थांबली, तर गोड खाऊन बघू, सकाळी बघू, असे करू नये. पाणी गेले आणि कळा नाहीत, किंवा गेलेले पाणी हिरवट आहे, म्हणजे मुलाने पोटातच शी केली आहे, तर लगेच निघावे. अंगावरून रक्त जाऊ लागले, ताप भरला, नाळ आधी बाहेर दिसू लागली, तर मिनिटे मोजायची वेळ आली असे समजावे. नाळ दिसली तर बाईला गुडघ्यांवर ओणवी करून, कंबर उंच ठेवून न्यावे, म्हणजे नाळेवर दाब कमी पडतो. पायाकडून येणाऱ्या मुलाचे आपल्याकडे कौतुक असते. पायाळू माणसाला विहिरीचे पाणी दिसते, त्याने लाथ मारली की उसण जाते, अशा गोष्टी आपण ऐकतो. त्यातले खरेखोटे विहीर खणणाऱ्यांनी ठरवावे. पण पायाळू मुलाचे डोके शेवटी अडकते आणि नाळ दाबली जाते, म्हणून त्याचे बाळंतपण घरी किंवा लहान दवाखान्यात करू नये.

आता त्या पहिल्या मिनिटाकडे येतो. पूर्ण दिवसांची शंभर मुले जन्मली, तर सुमारे पंच्याऐंशी आपली आपण श्वास घेतात. दहाएक मुलांना नुसते कोरडे पुसून पाठ चोळली की पुरते. राहिलेल्या पाचांपैकी बहुतेकांना रबराची पिशवी आणि नाकातोंडावर बसणारा मास्क यांनी हवा द्यावी लागते. शंभरात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी मुलांना याच्या पलीकडचे उपचार लागतात. म्हणजे बहुतेक मुलांचा जीव एका पिशवीवर आणि ती वापरता येणाऱ्या एका माणसावर अवलंबून असतो. ही हवा पहिल्या मिनिटाच्या आत सुरू व्हावी, असे सारे प्रशिक्षण सांगते.

आपण त्या मिनिटात काय करीत आलो? थाळी वाजविली, कांदा फोडून नाकाशी धरला, पाण्याचे शिपके मारले, पाय धरून उलटे टांगले, ढुंगणावर चापट्या मारल्या. कुठे कुठे नाळ न कापता वार निखाऱ्यावर गरम करीत, की तिची ऊब मुलात जाईल. यांतल्या कशानेही फुप्फुसात हवा जात नाही. थंड पाण्याने तर मूल गारठते आणि आणखी मंदावते. गंमत अशी की वासरू पडले की आपण योग्य तेच करतो. त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढतो, गोणपाटाने खसाखसा पुसतो, गाय त्याला चाटून चोळते. मुलालाही आधी हेच हवे. स्वच्छ सुक्या कापडाने पुसावे, ओले कापड बाजूला करावे, पाठ चोळावी, ऊब द्यावी. वासरासारखे खसाखसा मात्र नाही, हलक्या हाताने. एवढ्याने श्वास आला नाही तर नाळ कापून पिशवीने हवा द्यावी.

हे पुस्तकी बोलणे नाही. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी आपल्याच कर्नाटकातील प्राथमिक आरोग्य केंद्रांतील व इस्पितळांतील ५९९ प्रसूती-कर्मचाऱ्यांना या पहिल्या मिनिटाचे शिक्षण दिले आणि त्याचा परिणाम २०१३ साली प्रसिद्ध केला. शिक्षणापूर्वी शंभर जन्मांत तीन मुले ‘मेलेली जन्मली’ अशी नोंद होत होती, ती २.३ वर आली. त्यांतही कातडी धड असलेली, म्हणजे नुकतीच गेलेली वाटणारी मुले १.७ वरून ०.९ वर आली. आणि वाचविलेली ही मुले पुढे महिनाभरात दगावली, असेही झाले नाही. याचा अर्थ शांतपणे लक्षात घ्या. ज्यांना मेलेले म्हणून गुंडाळून बाजूला ठेवले जात होते, त्यांतली काही मुले जिवंत होती. त्यांनी श्वास घेतला नव्हता, एवढेच. आम्ही हे वाचले त्या दिवशी दफनभूमीतली लहान लहान थडगी आमच्या डोळ्यांसमोरून हलेनात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तर जेथे इस्पितळ जवळ नव्हते तेथे गावातल्याच स्त्रियांना हे काम शिकविले. फार न शिकलेल्या बायकांनी पिशवी आणि मास्क हाताळून झोपडीत मुले वाचविली. त्यांच्या कामाचा अहवाल १९९९ साली इंग्लंडच्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. सरकारनेही २००९ साली ‘नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम’ सुरू करून प्रसूतीच्या जागी काम करणाऱ्यांना हे शिक्षण देण्यास आरंभ केला.

आता एक गोष्ट आमच्याच अधिकारातली. मूल रडले नाही की आपल्या घरांत पहिली हाक ‘फादरांना बोलवा’ अशी जाते, किंवा एखादी आजी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे होते. स्नानसंस्काराविषयीची ही ओढ आम्हांला फार मोलाची वाटते. पण क्रम ध्यानात ठेवा. ज्या नर्सच्या हातात पिशवी आहे, तिचा हात थांबवू नका, तिला बाजूला करू नका. संकटकाळी स्नानसंस्कार कोणीही देऊ शकतो. ख्रिस्तसभेला जे अभिप्रेत आहे तेच करण्याचा हेतू असला म्हणजे झाले, धर्मगुरूच हवा असे नाही. १९८३च्या धर्मसंहितेने तर तो कसा द्यावा हे लोकांना शिकविण्याची जबाबदारी आम्हां धर्मगुरूंवर टाकली आहे. कपाळावर ओघळेल एवढे थोडे कोमट पाणी आणि त्रैक्याच्या नावाचे शब्द. याला काही सेकंद लागतात, आणि एकीकडे हवा देणे चालू असताना दुसऱ्या माणसाला ते करता येते. अंघोळ घालायची नाही. गाडीने येणाऱ्या फादरांसाठी तर मुळीच थांबायचे नाही.

आणि ज्यांचे मूल संस्काराआधीच गेले, त्या आईबापांना आम्ही सांगू इच्छितो की, अशी बालके देवाला पारखी होतात, या भीतीने रात्री जागू नका. ख्रिस्तसभेच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान मंडळाने २००७ साली याच विषयावर दीर्घ निवेदन प्रसिद्ध केले. देव या बालकांना आपल्यापाशी घेतो, अशी आशा धरायला भक्कम आधार आहे, असे त्यात म्हटले आहे. तुमच्या मुलाला नाव द्या, त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करा. आणि त्या आईला पांढऱ्या पायाची म्हणणाऱ्याला आमच्याकडे पाठवा.

काही जण म्हणतील, आता मोठमोठी यंत्रे आली आहेत, मूल गुदमरले तरी शहरात नेऊन बरे करता येईल. हा भरवसा फार धोक्याचा आहे. श्वास बराच वेळ कोंडला की मेंदूला इजा होते. काही मुलांना झटके येतात, पुढे काहींचे हातपाय ताठ राहतात, ऐकू कमी येते, शिकणे मंदावते. श्रीमंत देशांत अशा मुलांचे शरीर जन्मानंतर सहा तासांच्या आत थंड करून तीन दिवस तसे ठेवतात, आणि त्याने तेथे लाभ झालेला आहे. हाच उपचार भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील सात इस्पितळांत ४०८ बालकांवर तपासून पाहिला. त्याचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला, आणि थंड केलेल्या मुलांत मृत्यू उलट अधिक निघाले. तेव्हा एकदा इजा झाल्यावर ती पुसून टाकणारा खात्रीचा उपाय आपल्यापाशी आज नाही. मात्र हेही खरे की हातपाय ताठ असलेले प्रत्येक मूल जन्मवेळी गुदमरलेलेच असते असे नाही. पुष्कळांत कारण वेगळे असते. म्हणून शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून डॉक्टरीण किंवा आई यांच्यावर बोट ठेवायची घाई करू नये.

इस्पितळातून घरी येताना कागदावर एक आकडा लिहिलेला आहे का, ते पाहावे. १९५२ साली न्यूयॉर्कच्या डॉ. व्हर्जिनिया अपगार या बाईंनी नवजात मुलाला दहापैकी गुण देण्याची पद्धत काढली. रंग, ठोके, प्रतिसाद, अंगातला ताठरपणा आणि श्वास यांना प्रत्येकी दोन. हे गुण पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला देतात. पाचव्या मिनिटाचा आकडा फार खाली असेल तर तो कागद जपून ठेवावा आणि मुलांच्या डॉक्टरांना दाखवावा. घरी आल्यावर मूल दूध ओढत नाही, लुळे पडते, सायकल चालविल्यासारखे पाय हलविते, एकसारखे किंचाळते, तर थांबू नये. चार महिने झाले तरी मान धरत नाही, तर ‘आमच्याकडे उशिराच धरतात’ असे म्हणून सोडू नये. लवकर सुरू केलेल्या व्यायामाने पुष्कळ फरक पडतो.

‘आमच्या आजीची बाळंतपणे गोठ्याच्या कोपऱ्यात झाली, तिला कुठला डॉक्टर नि कुठली पिशवी?’ हा प्रश्न आम्हांला दरवेळी विचारला जातो. आजी धन्य होती, यात शंका नाही. पण तिने किती पुरली, तेही विचारावे. ती सांगत नसे, कारण सांगून उपयोग नव्हता. धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या चाळल्या की एकाच दिवशी स्नानसंस्कार आणि दफन अशा जोडनोंदी भेटतात, आणि त्या थोड्या नसतात.

आज परिस्थिती पालटली आहे. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे कर्नाटकात शेकडा ९७ बाळंतपणे दवाखान्यात होतात. तेव्हा दवाखान्यात जा, एवढे सांगून आमचे काम संपत नाही. कोणत्या दवाखान्यात आणि किती लवकर, हे आता विचारायचे आहे. आठव्या महिन्यात नवऱ्याने स्वतः जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. मूल न रडल्यास त्याला हवा देणारे माणूस रात्रीही असते का? रात्री शस्त्रक्रिया होते का? रक्त कोठून आणतात? प्रश्न विचारला म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावणाऱ्याकडे जाऊ नये.

पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, ही आपली रीत चांगली आहे. पण कागदपत्रे सासरी राहतात. चंदगडकडून खानापूरला किंवा खानापूरहून चंदगडला जाणाऱ्या लेकीचे सारे तपासणीचे कागद, मग ते कर्नाटकाचे तायी कार्ड असो की महाराष्ट्राचे, तिच्या पिशवीत हवेत. माहेरी पोचताच आशाताईला कळवावे. सरकारी इस्पितळात बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे आणि जाण्यायेण्याची गाडी फुकट देण्याची योजना २०११ पासून आहे. पैशांसाठी उशीर करण्याचे कारण नाही. १०८ ला फोन करावाच, परंतु जंगलाकडच्या वाड्यांवर पावसात ती गाडी वेळेवर पोचेलच असे धरून चालू नये.

म्हणून आम्ही एक योजना मांडतो. प्रत्येक वाडीवर रात्री-अपरात्री निघू शकतील अशा तीन गाड्यांची नावे आणि चालकांचे फोन क्रमांक ठरवून ठेवावेत. ट्रॅक्टरची ट्रॉली चालणार नाही, हादरे फार बसतात. डिझेलचे पैसे संत व्हिन्सेंट डी पॉल मंडळाच्या पेटीतून देण्याविषयी सभासदांशी बोलणे झाले आहे, ते तयार आहेत. ज्या घरात येत्या आषाढ ते भाद्रपदात बाळंतपण आहे, त्या घराने महिला मंडळाकडे तारीख कळवावी. ज्यांची वाडी ओढ्यापलीकडे आहे त्यांच्या लेकीसुनांनी शेवटचे पंधरा दिवस अलीकडच्या नातलगांकडे राहावे. नातलग नसतील तर सिस्टरांच्या दवाखान्यामागच्या दोन खोल्या रिकाम्या करून दिल्या जातील. गाडीवाल्यांनी आपली नावे रविवारच्या मिस्सेनंतर कार्यालयात द्यावीत. लावणी सुरू होण्यापूर्वी यादी चर्चच्या दारावर लावायची आहे.